त्याच्या बाजूने रिकामं

बियाण्याच्या थैल्यांचा वास आणि परीक्षेचं वेळापत्रक माझ्याकडे एकाच आठवड्यात येतात. जून लागला की चिखलीच्या बाजारात कृषी केंद्रांपुढे रांगा लागतात. औषध चोळलेल्या सोयाबीनचा उग्र वास पार बस स्टँडपर्यंत येतो. त्याच सुमारास बुलढाण्याच्या लॉ कॉलेजला जाणाऱ्या मुली बसच्या खिडकीशी मोबाईल धरून एकमेकींना विचारत असतात, "आलं का वो टाइमटेबल?" माझ्या वयाच्या बायका अशा वेळी म्हणतात, पुन्हा कॉलेजात जावंसं वाटतं. मला वाटत नाही. मला पित्त होतं.

कोर्टासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी आणि शाहीन, अशा दोघी वकील, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. माझा लॅपटॉप इतका जुना आहे की झेरॉक्सला आलेले लोक त्याच्याकडे बघून हसतात. चालू केला की आधी काळा पडदा येतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी असतात, एक लिनक्स आणि एक विंडोज. बाण वर-खाली करून कुठे जायचं ते आपण ठरवायचं. नाही ठरवलं तर थोडी वाट बघून यंत्र आपणच वरच्या ओळीत शिरतं. एकाच डब्यात दोन संसार. लोकांना यात हौस दिसते. मला कसली हौस? मी कायदा शिकत होते आणि मला बसायला जागा नव्हती, एवढंच.

आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करून दिलं, म्हणजे वडिलांच्या शेतातला आपला वाटा भावाच्या नावे सोडून दिला, की भाऊ तिला साडी घेतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण चुकत नाही. बोटाची शाई वाळायच्या आत कापडाच्या दुकानात जायचं असतं. वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मीही मेहकरच्या कचेरीत सही केली. बाहेर पायऱ्यांवर प्रमोद, माझा धाकटा भाऊ, खुशीत उभा होता. त्याचं जानेफळला कृषी केंद्र आहे.

"बोल ताई, कोनती साडी घेऊ? आज तू म्हनशीन ते."

"साडी नको. लॅपटॉप दे. मला लॉला ॲडमिशन मिळाली आहे."

त्याने आधी आईकडे बघितलं, मग साक्षीदारांकडे, आणि मोठ्याने हसला. "वकील होऊन राह्यली का तू? मंग पयली केस माह्यावरच ठोकशीन!"

आई हसली. साक्षीदार हसले. मीही हसले, कारण त्या पायऱ्यांवर तेवढंच करण्यासारखं होतं.

कायदा माहीत नव्हता म्हणून मी सही केली असं कोणी समजू नये. मुलीला मुलाइतकाच वाटा, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सही केली नाही की माहेरचा उंबरा बंद होतो, हेही तितकंच ठाऊक आहे. मी दोन्ही गोष्टी तोलून बघितल्या आणि दुसरी जड निघाली. आईने मात्र आपला वाटा आपल्या नावावर ठेवला. तोही प्रमोदनेच ठेवायला सांगितला. सातबाऱ्यावर म्हातारीचं नाव असलं की योजनांचे कागद लवकर हलतात म्हणे.

प्रमोदने लॅपटॉप घेतला, पण नवा स्वतःला. दुकानातला जुना मला आणून दिला.

"त्यातलं काई पुसू नको हं ताई. जुने बिलं हायेत, कवा बी लागू शकते."

"पासवर्ड काय आहे?"

"त्याच्यात दुकानाचं सारं हाय न. पासवर्ड तुले काय करा लागते? तू आपली टाइपिंग करजो."

पासवर्डाशिवाय टाइपिंग कुठे करायची, ते त्याने सांगितलं नाही. घरी येऊन चालू केला. पडद्यावर प्रमोदचा फोटो आला. ट्रॅक्टरला टेकून उभा, डोळ्यांवर गॉगल, आणि बरोबर छातीवर पासवर्डाची पांढरी चौकट. देणगी कधी पूर्ण होते यावर पुढे कॉलेजात एक अख्खं प्रकरण होतं. मला ते फोटो बघूनच समजलं होतं.

शाहीन माझ्या वर्गात होती, माझ्या निम्म्या वयाची. तिच्या वडिलांचं चिखलीत शिलाईचं दुकान. बुलढाण्याला आम्ही एकाच बसने जायचो. संगणकाचं तिला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि सगळं येत होतं. कॉलेजच्या व्हरांड्यात तिने माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन चालू केला.

"हे कोन साहेब?"

"माझा भाऊ."

"आन डब्बा कोनाचा?"

"माझा."

"मंग हे काऊन बसले याच्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने नाकाला पदर लावल्यासारखी ओढणी लावली, म्हणजे हसू दाबलं. "यायले उठवाचं नाई, यायचं काई पुसाचं नाई, आन तुमाले तं राहाचं हाये. मंग बाजूले दुसरं घर बांधू, ताई. दुसरा इलाज नाई."

तिने लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर लॅपटॉपमधल्या सगळ्या जागेची एक लांब पट्टी आली. सगळी प्रमोदची. तिचं उजवं टोक धरून डावीकडे ढकललं की मागे मोकळी जागा उघडी पडायची. शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवावा तसं दिसत होतं, फक्त फावडं लागत नव्हतं आणि भांडणही नाही.

"किती घेऊ?"

"थोडंसं घे. धुऱ्याएवढं. त्याची बिलं आहेत."

"बिलायले इतकी जागा लागते का? सारं रिकामं पडेल हाये." तिने पट्टी मधोमध आणली आणि सोडून दिली. "कायद्यानं अर्धा. सकाळीच शिकलो ना."

सकाळी वारसा कायद्याचा तास झाला होता. सरांनी विचारलं होतं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी बहिणींनी हक्कसोड दिलं आहे? मुलांच्या बाजूला पटापट हात वर झाले, वाढदिवस विचारल्यासारखे. मुलींच्या बाजूला एकही नाही. मीही हात खालीच ठेवला. प्रश्न आम्हाला नव्हताच.

"तुमच्यात कसं असतं गं?" मी शाहीनला विचारलं.

"आमच्यात पोरीले भावाच्या अर्धा. तुमच्यात भावाच्या बरोबरीनं. पेपरात उत्तर येगळं लिवाचं, बस." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "भेटत तं दोघीले बी नाई."

त्या दिवसापासून माझं दुसरं घर सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला, गव्हाच्या कोठीशेजारी लॅपटॉप मांडायचा. दुपारी भांडी झाली की घर शांत व्हायचं. कीबोर्डच्या कळांच्या फटींत खताची भुकटी बसलेली होती. पुसली, टूथब्रशने घासली, तरी यंत्र तापलं की आतून दुकानाचा वास यायचा. फौजदारी संहिता मी त्या वासात वाचली. पुरावा कायदाही. आजही कुठे कलम ऐकलं की नाकाला आधी युरिया लागतो.

सगळं मी तिथेच ठेवत होते. टिपणं, जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं, आणि एक मोठी फाईल. शेवटच्या सत्राला मसुदे लिहायचा विषय असतो. दावा, नोटीस, खरेदीखत, भाडेकरार, सगळे स्वतः तयार करून त्यांची फाईल द्यायची आणि त्यावर तोंडी परीक्षा. फाईल नाही तर तो विषय नाही, विषय नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर वकिलीची सनद नाही. मी ती फाईल पहिल्या वर्षापासूनच जमवायला लागले. वरण उकळता उकळता खरेदीखताची चतुःसीमा टाइप करायची. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. पहिला मसुदा वाटपाच्या दाव्याचा होता. नावं सरांनी दिलेली, खोटी. बहीण विरुद्ध भाऊ.

यंत्राला मात्र एक खोड होती. वरची ओळ प्रमोदची होती. चालू करून मी चहा ठेवायला गेले आणि परत यायला उशीर झाला, की ते आपणच त्याच्या घरात शिरायचं. कप हातात घेऊन येते तर समोर गॉगल लावून भाऊ उभा. पुन्हा बंद करा, पुन्हा चालू करा, आणि या वेळी बाणावर बोट ठेवून उभ्या राहा. शाहीन म्हणाली, "क्रम बदलू का? तुमचं नाव वर घेते." मी म्हटलं, राहू दे. तो कधी बिलं बघायला आला तर त्याला सोपं पडेल. ही सवय यंत्राची नव्हती.

आणखी एक गोष्ट शाहीनने दाखवली. माझ्या बाजूने त्याच्या बाजूचं सगळं उघडता येतं. पासवर्डही लागत नाही. मी एकदा बघितलं. बिलं, फवारणीच्या औषधांचे भाव, ट्रॅक्टरचे फोटो, भाच्याचं जावळ. बघितलं आणि बंद केलं. दुसऱ्याच्या घरातून चालत गेल्यासारखं वाटलं, आणि त्या घरात मी लहानाची मोठी झाले होते. पण उलट होत नाही. त्याच्या बाजूने माझं काहीच दिसत नाही. त्याच्या यंत्रणेला माझी मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती तिथे काही नाहीच असं धरून चालते.

"तुमाले त्यायचं सारं दिसते," शाहीन म्हणाली, "त्यायले तुमचं रिकामं दिसते."

"यात नवीन काय?" मी म्हटलं. तेव्हा ते मला विनोद करण्यासारखं वाटलं होतं.

मग तो जून आला. टाळेबंदीतला. एसटी बंद, शाळा बंद, फक्त किराणा, औषधं आणि कृषी केंद्रं उघडी. शेवटच्या सत्राची परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. कॉलेजचा निरोप आला की परीक्षेचं ॲप विंडोजवरच चालेल. म्हणजे मला गॉगलवाल्याच्या दारातून जायचं होतं. मी प्रमोदला फोन लावला.

"पासवर्ड सांग. माझे पेपर आहेत."

"ताई, मी तुलेच फोन लावून राह्यलो होतो! माह्या नव्या लॅपटॉपवर खताचं पोतं पडलं, स्क्रीनचा भुगा झाला. दुरुस्तीवाले सारे बंद. तो जुना पाठोव न लवकर. इकडं रांग लागेल हाय आन मी हातानं बिलं फाडून राह्यलो."

"माझी परीक्षा आहे, प्रमोद. शेवटची."

"परीक्षा काय, पुढच्या साली बी होते. पेरणी थांबते का कोनासाठी?"

मागून आईने फोन घेतला. "नंदे, देऊन टाक न माय. त्याचाच तं हाये तो."

"आई, त्याने मला दिला होता."

"दिला म्हंजे? वापराले दिला."

शेवटी लॅपटॉपबरोबर मीही गेले. नवऱ्याने मोटारसायकलवर जानेफळला सोडलं आणि म्हणाला, "भांडू नको." तो नेहमी तेवढंच म्हणतो. ठरलं असं की सकाळी प्रमोदची बिलं आणि दुपारी माझा पेपर, दुकानामागच्या गोदामात. पासवर्ड त्याने सांगितला नाहीच. रोज स्वतः यायचा, पडदा आपल्याकडे वळवायचा आणि एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हाताने टाकायचा. वाऱ्यात काडी पेटवावी तसा.

गोदामात पत्र्याखाली बसून मी पेपर दिले. खाली पोतं, समोर पोतं, मागे पोत्यांची थप्पी. घाम हनुवटीवरून कळांवर पडायचा. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की पडद्यावर लाल पट्टी यायची, आणि पुन्हा दिसलं तर पेपर बंद पडेल असा दम यायचा. पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्याने दारातून मान आत घातली. "बाई, सोयाबीनची बॅग तुमीच देऊन राह्यल्या का?" लाल पट्टी आली. मी त्याच्याकडे न बघता पेन दाराकडे दाखवलं. मग प्रमोद आला.

"ताई, एकच बिल काढू दे. गिऱ्हाईक जाऊन राह्यलं."

"तू दिसलास तर माझा पेपर बंद पडेल."

"एकच!"

"खाली बस, प्रमोद!"

आणि दुकानाचा मालक, गॉगल कपाळावर चढवलेला, कॅमेऱ्याच्या खालून गुडघ्यांवर रांगत गोदामातून बाहेर गेला. बाहेरून गिऱ्हाईक म्हणालं, "काय बे प्रमोद, काई हरपलं का?" त्या अख्ख्या हंगामातलं हे एकच दृश्य आठवून मला अजून हसू येतं. पेपर मात्र चांगले जात होते.

मधल्या एका मोकळ्या दिवशी मी आईबरोबर कुरडया डब्यांत भरत होते. प्रमोद दुकानातून आला तो खुशीत.

"ताई, तुले माहीत हाय का, त्या लॅपटॉपात अर्धी जागा बिनकामी पडेल होती! मले जागा पुरत नव्हती, म्हनून पाह्यलं. लॅपटॉपच म्हने, वापराच्या आधी साफ करा लागते. मी म्हटलं, कर साफ."

मी हातातल्या कुरडया डब्यात ठेवल्या. झाकण लावलं. "मला विचारलंस का?"

"रिकामं होतं ताई. रिकाम्याचं काय इचाराचं?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बाजूने खरंच रिकामं दिसत होतं. मी त्याला सांगितलं तिथे काय होतं. टिपणं, उत्तरं, फाईल. तो ऐकत राहिला आणि मग आईला म्हणाला, "मले काय माहीत? दिसलं असतं तं केलं असतं का?" आई म्हणाली, "जाऊ दे नंदे. त्यानं काई मुद्दाम नाई केलं." मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम करणाऱ्याला निदान समोर कोणीतरी आहे हे माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि लॅपटॉप चालूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ. दोन नावांची पाटी नाही, गॉगलवाला फोटोही नाही. बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली.

"ताई, काय करून ठेवलं तू याच्यात?" प्रमोद ओरडला.

मी शाहीनला फोन लावला. पडद्यावरची ओळ तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दार तुमच्या हिश्श्यात होतं, ताई. ती दोन नावाची पाटी, ते कडीकोयंडे, सारं तुमच्या बाजूनं बसवेल होतं. त्यायनं घर पाडलं, दार बी गेलं."

"माझं काही परत मिळेल?"

"त्या जागेवर काई भरलं का त्यायनं?"

मी प्रमोदला विचारलं. त्याने जुनी बिलं आणि मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरला होता.

"मंग गेलं," शाहीन म्हणाली.

तिचा पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्येच होता. ती फोनवर सांगत गेली, मी करत गेले. आजूबाजूला माणसं तोंडाला रुमाल बांधून उभी होती आणि माझ्या बोटांकडे बघत होती. दार पुन्हा बसलं, या वेळी थेट प्रमोदच्या घरात उघडणारं. यात उपकार काही नव्हते. त्या दुपारी माझा पेपर होता आणि मलाही त्याच दारातून जायचं होतं. पडद्यावर गॉगलवाला आला तेव्हा रांगेतून एकाने विचारलं, "बाईनं केलं काय सुरू?"

"नाई बे," प्रमोद म्हणाला, "गरम होते ते. थंड झालं का आपोआप सुरू होते."

पेपर सगळे सुटले. फाईल राहिली. तोंडी परीक्षेच्या दिवशी सर पडद्यावर होते. चांगले होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं खरं. पण फाईल आहे का?" मी नाही म्हटलं. वर्गातल्या सगळ्यांना सनद मिळाली, शाहीनलाही. तिने काळा कोट शिवला, वडिलांनीच शिवून दिला. मी पुन्हा वरण उकळता उकळता पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक टाइप करायला बसले. निकाल समजल्यावर प्रमोदचा फोन आला होता. "मी तं तुले म्हटलंच होतं ताई. पुढच्या साली बी होते."

नवा लॅपटॉप दुरुस्त झाल्यावर त्याने जुना परत पाठवला, आणि या वेळी चिठ्ठीवर पासवर्डही. ट्रॅक्टरचं नाव होतं ते. माझ्या अर्ध्या भागात लग्न भरलेलं होतं. मी त्याला फोन करून विचारलं, व्हिडिओ पुसू का? त्याची प्रत त्याच्याकडे आहे याची खात्री केली आणि मग पुसला. शाहीनने पुन्हा पट्टी मधोमध आणून सोडली. क्रमाचं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, माझं वर घे.

ज्या वर्षी माझा कोट शिवून झाला त्याच वर्षी आई गेली. आजारात तिला कळलं की मी कोर्टात जाते. "भांडत जाऊ नको वो," एवढंच म्हणाली. माझा धंदाच तो आहे हे मी तिला सांगितलं नाही.

वकिलीत मी बरीच हक्कसोडपत्रं लिहिली. नाही म्हणून चालत नाही, मी नाही लिहिलं तर शेजारच्या टेबलावर लिहून मिळतं. भाऊ पुढे बोलतो, बहीण मागे पदर सावरत उभी असते. मी भावाला चहा आणायला पाठवते आणि बहिणीला विचारते, "माहीत आहे ना काय सोडते आहेस?" सगळ्यांना माहीत असतं. एकजण म्हणाली, "मॅडम, राखी कोनाले बांधू मंग?" याला कलम नाही. मी लिहून देते.

आणि गेल्या आठवड्यात, बियाण्याच्या वासाबरोबर, प्रमोद आला. पहिल्यांदाच आला माझ्या खोलीत. कानांवरचे केस पांढरे झालेत, गॉगल खिशात. काखेत मोठा खोका. शाहीनने उठून खुर्ची दिली आणि परत आपल्या कागदांत मान घातली. ती त्याला पहिल्यांदाच असं प्रत्यक्ष बघत होती. बिनगॉगलचा.

"हे पाय ताई, तुह्यासाठी." त्याने खोका टेबलावर ठेवला. "कोरा लॅपटॉप. सीलबंद. फोडला बी नाई. पासवर्ड तूच टाकजो."

"काय काम काढलंस?"

"काम कायचं? आईचं नाव कमी करा लागते सातबाऱ्यावरून. तलाठी म्हने बहिणीची सही पाहिजे. पयल्यासारखी एक सही दे, झालं."

मी खोक्याकडे बघितलं. खरंच सीलबंद होता. त्याने या वेळी विचार केला होता, आपल्या परीने बराच केला होता. पासवर्डाचं तर वाटेत पाठ करून आला असावा.

"आईच्या वाट्यात निम्मा माझा आहे, प्रमोद. मोजणी करून वेगळा काढून दे."

तो हसला. मी हसले नाही, मग तोही थांबला.

"काय करशीन तू त्याचं? तू तं तिकडं येत बी नाई. काय हाय तुहं तिथं?"

"वाटा आहे."

"माहेर तोडून राह्यली तू, ताई."

शाहीनचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. बाहेर झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. प्रमोदने खिशातला गॉगल काढला, पुसला, परत ठेवला. मला तो कॅमेऱ्याखालून रांगताना आठवला आणि मी क्षणभर खोक्यावर हात ठेवला. मग काढला.

"म्या तवा मजाकमंधी म्हटलं होतं," तो म्हणाला. "केसचं."

"मीही मजाकमध्येच हसले होते."

तो उठला. खोका उचलून काखेत घेतला आणि गेला. ते त्याने बरोबर केलं. मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवून गेले नसते.

या दिवाळीला भाऊबीजेचा फोन येणार नाही. भाच्याचं लग्न ठरलं तर मला दुसऱ्याकडून कळेल. वाटपाच्या दाव्याचा मसुदा मला बघावा लागत नाही, तो मी दोनदा लिहिलेला आहे. आता फक्त नावं बदलायची.

तो गेल्यावर शाहीनने पुढचं पान उलटलं. मी जुना लॅपटॉप चालू केला. काळा पडदा आला, दोन ओळी आल्या. मी बाणाला हात लावला नाही, उठून शेगडीवर चहा ठेवला. दोन कप भरून परत आले तर माझी बाजू आपणच उघडून बसली होती. नितळ, निळसर. समोर कोणीच नव्हतं.